घोडा का अडला?

लहानपणी हे कोडे तुम्हालाही कुणीतरी घातले असेल. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून.

भाकरी आणि पानाच्या बाबतीत हे उत्तर पुरते खरे आहे. घोड्याच्या बाबतीत ते निम्मेच खरे. दिवसेंदिवस ठाणावर बांधलेला घोडा आखडतो, अडेल होतो, हे बरोबर. पण रोज फिरवलेला, पोटभर चारा मिळालेला घोडाही एखाद्या दिवशी रस्त्यात पाय रोवून उभा राहतो. बहुतेक वेळा त्याला कशाची तरी भीती वाटलेली असते, किंवा कुठेतरी दुखत असते. ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नाहीत. अडणे हेच त्याचे बोलणे.

मराठीत घोड्याला तयार करणाऱ्या माणसासाठी जुना शब्द आहे, चाबुकस्वार. शब्दातच चाबूक आधी आणि स्वार नंतर! पण घोडा चाबकाशिवायही शिकतो, आणि जास्त चांगला शिकतो, असे मानणारी एक पद्धत गेल्या काही दशकांत जगभर पसरली. तिला 'नॅचरल हॉर्समनशिप' म्हणतात. घोड्याच्या स्वभावाला धरून त्याला शिकवणे, असा तिचा साधा अर्थ. आज तिच्याविषयी बोलू. तुमच्या घरी घोडा नसला तरी काही बिघडत नाही. लग्नाच्या वरातीत, माथेरानच्या सहलीत किंवा मुलांच्या रायडिंग क्लासमध्ये तो तुम्हाला भेटतोच.

घोडा जगाकडे कसा बघतो?

घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. वाघ-लांडग्यांपासून वाचण्यासाठी त्याचे सगळे शरीर घडले आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. फक्त कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग दिसत नाही. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरते.

संकट आले की त्याचा पहिला उपाय म्हणजे पळणे. काय आहे ते नंतर बघू, आधी लांब जाऊ, हा त्याचा हिशोब. म्हणून वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी बघून पाचशे किलोंचा घोडा बुजतो, तेव्हा तो मूर्ख नसतो. त्याच्या पूर्वजांत जे असे दचकले तेच जगले.

आता माणूस त्याला कसा दिसत असेल याचा विचार करा. आपले डोळे समोर, वाघासारखे. आपण सरळ चालत जातो, नजर रोखतो, हात पुढे करतो आणि पाठीवर चढून बसतो. नेमके तिथेच बिबट्या झेप घेतो. अशा प्राण्याने आपल्याला पाठीवर बसू द्यावे, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

दाब आणि सूट

या पद्धतीचे गाठोडे सोडले तर आत एकच गोष्ट सापडते. घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो.

मोरखीची दोरी हातात घेऊन तुम्ही त्याला पुढे बोलावता. दोरीला हलका ताण द्या आणि थांबा. झटका नको, ओरडणे नको. त्याने पाऊल उचलले नाही, नुसता भार पुढे टाकला, तरी त्याच क्षणी दोरी सैल सोडा. त्याला कळते, 'हे केले की त्रास थांबतो.' दुसऱ्या वेळी तो अर्धे पाऊल टाकेल, तिसऱ्या वेळी पूर्ण. पण तो पुढे आला तरी तुम्ही ओढतच राहिलात, तर तो एवढेच शिकतो की या माणसाचे ऐकले तरी सुटका नाही. असा घोडा पुढे अडेल होतो किंवा मलूल होतो.

भीती घालवण्याची रीतही अशीच आहे. समजा तो छत्रीला घाबरतो. मिटलेली छत्री लांबून दाखवा. त्याचे कान टवकारले, मान वर गेली की तिथेच थांबा. तो जरा सैलावला, मान खाली आली, ओठ चाटले, लांब श्वास सोडला, की छत्री मागे न्या. मग पुन्हा थोडी जवळ. जवळ जायचे आणि आपण होऊन माघार घ्यायची. ज्या वस्तूपासून आपल्याला पळावे लागत नाही, जी स्वतःच मागे सरते, तिला फार घाबरण्याचे कारण उरत नाही. काही वेळाने तोच नाक पुढे करून छत्रीचा वास घेतो. या कामाला दहा मिनिटे लागतात, कधी दहा दिवस. घाई केली की सगळे पहिल्यापासून.

हे नवे आहे का?

नाव नवे आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांत टॉम डोरन्स आणि रे हंट यांनी विसाव्या शतकात ही शिकवण रुजवली. माँटी रॉबर्ट्स यांना १९८९ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांनी विंडसरला बोलावून त्यांची पद्धत पाहिली आणि ती जगभर पोचली. पण विचार फार जुना आहे. ग्रीक लेखक झेनोफन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिले, त्यात घोड्याशी रागाच्या भरात कधीच वागू नये असे बजावले आहे. कुणालाही न आवरणारा बुसेफॅलस आपल्याच सावलीला बुजतो, हे लहानग्या अलेक्झांडरने ओळखले आणि त्याचे तोंड सूर्याकडे वळवले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आपल्याकडे शालिहोत्र ऋषींच्या नावाने अश्वशास्त्राची परंपराच आहे, आणि विराटाच्या पदरी नकुल ग्रंथिक या नावाने घोडेच सांभाळत होता.

पुस्तके न वाचता हे जाणणारेही आहेत. महाराष्ट्रातले मेंढपाळ धनगर बघा. पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन ते महिनोन्‌महिने चालतात आणि सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. भांडी, वाघर, कोंबड्या, कधी लहान मूलसुद्धा. ते शिंगरू असल्यापासून माणसांत, कुत्र्यांत, मेंढ्यांत वाढलेले असते. त्याला वेगळे 'शिकवावे' लागत नाही, रोजच्या सहवासात ते शिकते. याच दख्खनच्या भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्याच यादीत आपल्या छत्तीसगडची अंजोरी शेळीही आहे.

आपली भीती त्याला कळते

स्वीडनमधला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही माणसांना एका ठरलेल्या वाटेवरून घोडा चार वेळा न्यायला सांगितले. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले, 'या वेळी वाटेत अचानक छत्री उघडली जाईल.' छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्या घोड्यांचेही वाढले. घोड्यांना कुणी काहीच सांगितले नव्हते. दोरीवरचा हात, श्वास, चाल यांतून माणसाची धास्ती त्यांच्यापर्यंत पोचली असणार.

म्हणून घोड्याचा आत्मविश्वास वाढवायचा तर सुरुवात स्वतःपासून करावी लागते. घोड्याजवळ जाण्यापूर्वी एक लांब श्वास सोडा. थेट समोरून किंवा मागून जाऊ नका, खांद्याच्या बाजूने तिरके जा. जाताना काहीतरी बोला. हाताची पाठ पुढे करा आणि त्याला वास घेऊ द्या. त्याने तोंड फिरवले तर थांबा. मग मानेवर हात फिरवा, कपाळावर थोपटू नका. मुलांना हे आवर्जून शिकवा. दुसऱ्या जिवाच्या 'नको'चा मान ठेवायला शिकवणारा याहून चांगला गुरू मिळणे कठीण.

गप्प उभा, म्हणजे विश्वास?

आता जरा अवघड गोष्ट. शांत दिसणारा प्रत्येक घोडा विश्वासाने शांत असतो असे नाही. पळून उपयोग नाही, अडून उपयोग नाही, हे ज्याला मारून शिकवले आहे तोही गप्प उभा राहतो. 'नॅचरल' नावाखालीसुद्धा हे घडू शकते. गोल कुंपणात घोड्याला दमेपर्यंत पळवले तर तो शेवटी माणसाजवळ येऊन उभा राहील, पण ते प्रेमापोटी की थकून, हे तपासावे लागते. नाव कोणतेही असो, नजर घोड्यावर ठेवा.

विश्वासू घोड्याचे कान इकडेतिकडे फिरतात, खालचा ओठ सैल असतो, मान खाली असते, एक मागचा पाय आरामात मुडपलेला असतो. घाबरून गप्प झालेल्या घोड्याचा जबडा आवळलेला, नाकपुड्या ताणलेल्या, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणारा, शेपूट घट्ट दाबलेली असते. किंवा डोळे उघडे असून तो कुठेच बघत नसतो.

आता लग्नसराईतली घोडी आठवा. छत्तीसगड आणि मराठी माणसाचे नाते जुने. १७४१ मध्ये भास्करपंतांबरोबर भोसल्यांचे घोडदळ रतनपुरावर आले, तेव्हापासून इथे मराठी टापा वाजल्या. शिलेदाराचा घोडा ही त्याची स्वतःची पुंजी असे, त्याचे घर त्यावर चाले. आज आपल्याकडे घोडा उरला तो मुख्यतः वरातीपुरता. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर, लॉनच्या दारात ती तासन्‌तास उभी असते. कानाशी धुमाल, पायाशी फटाक्यांच्या माळा, डोळ्यांवर झगमगाट. हललीच तर तोंडातला लगाम खेचला जातो. तो कधीकधी काटेरी असतो, म्हणजे तोंडातल्या कडीला आतून टोके असतात. ती जीभ आणि ओठांत रुततात. असा लगाम वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, हे अनेक यजमानांना ठाऊकच नसते. घोडेवाल्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे. पण त्याला घाई करायला लावणारे, 'नाचव रे' म्हणणारे आपणच असतो. त्याचेही पोट त्या घोडीवर आहे. ती बुजली तर नवरदेव पडतो, आणि मार दोघांना बसतो.

घरात लग्न ठरले असेल तर एवढे करा:

• घोडी ठरवतानाच सांगा की काटेरी लगाम चालणार नाही. लगाम आधी बघून घ्या.
• तिला वेळेवरच बोलवा. पाणी आणि सावली (किंवा शांत कोपरा) द्या.
• धुमाल आणि फटाके तिच्यापासून लांब ठेवा. कुणी थेट मागे उभे राहू नये, लहान मुले तर मुळीच नाही.
• पायावर किंवा पाठीवर जखम दिसली, किंवा ती लंगडत असली, तर तिच्यावर बसू नका. मोटारीतूनही वरात निघते.
• ती अडली तर आधी वाजंत्री थांबवा. एक मिनिट द्या. बहुतेकदा तेवढे पुरते.

मुलांना रायडिंगला घालत असाल तर पहिल्या दिवशी मूल किती लवकर पाठीवर बसते हे बघू नका. ठाणावर जा. शिक्षक आत गेल्यावर घोडा त्याच्याकडे वळतो की भिंतीकडे सरकतो? मुलाला आधी खरारा करायला, दोरी धरून चालवायला शिकवतात का? हेल्मेट देतात का? घोडा बुजला तर शिक्षक आधी हात उगारतो की आधी कारण शोधतो? सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात घोडा घेणारे रंग, उंची, अंगावरचा देवमण भोवरा बारकाईने बघतात. तिथे गेलात तर तुम्ही आणखी एक बघा. मालकाने दोरी सैल सोडल्यावर घोडा त्याच्याजवळ थांबतो का?

शहाण्याने त्याच घोड्यावर बसावे.