दुखतंय, पण कसं?

किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या त्या वॉर्डाच्या खिडकीतून आला-तोचे बर्फाळ डोंगर दिसायचे. डॉक्टरकीच्या शिक्षणातलं पाचव्या वर्षाचं पोस्टिंग होतं. शिकवणं इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. खाटेपाशी मात्र त्या इंग्रजीचा काडीचा उपयोग नव्हता.

सुरुवातीला रशियन शिकवली होती. 33 अक्षरं गिरवली, ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे ‘कुठे दुखतंय?’ हे घोकलं. प्रश्न विचारता आला की भाषा आली असं वाटतं. समोरून उत्तर यायला लागलं की पोटात गोळा येतो.

नारिनच्या डोंगराळ भागातून आलेली ती म्हातारी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मी तिला ‘आपा’ म्हणाले. किर्गिझ भाषेत आपा म्हणजे आई. ती रशियन आणि किर्गिझ मिसळून बोलत होती. ‘सेर्त्से’, म्हणजे हृदय, एवढं कानाला लागलं. बाकीचं निसटलं. मी कागदावर लिहिलं: छातीत दुखतं, दोन दिवस.

सरांनी कागद वाचला आणि विचारलं, ‘‘कसं दुखतं? कोलित की दावित?’’ टोचतंय की दाबल्यासारखं होतंय? मला सांगता येईना. सर खाटेवर वाकले. आपाने मूठ वळली आणि छातीच्या मधोमध दाबून धरली. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा काही रुग्ण अशी मूठ धरतात. ‘लेव्हाइन साइन’ या नावाने ही खूण मला तोंडपाठ होती. सरांनी लगेच ईसीजी काढायला सांगितला. मी पहिला प्रश्न विचारला तेव्हापासून आपाची मूठ तिथेच होती. मी मान खाली घालून क्रियापद शोधत होते. ती लाज आजही गेलेली नाही.

आता परभणीत रुग्ण तपासते. कुणी म्हणतं कळ येते, कुणी म्हणतं ठणकतंय, सलतंय, चमक निघते, मुरडा येतो. त्या एका शब्दाने निम्मा तपास होतो. रशियनमध्येही असेच शब्द आहेत. ‘नोयित’ म्हणजे आतून ठणकत राहणं, ‘झ्झ्योत’ म्हणजे जळजळणं. ते आम्हाला कुणी पाठ करायला लावले नाहीत, आणि मेसमध्ये, हॉस्टेलवर आम्ही मराठीच बोलत राहिलो.

भारतात डॉक्टरकी करायची तर 2021 च्या नियमांप्रमाणे परदेशातलं शिक्षण किमान 54 महिन्यांचं आणि इंग्रजी माध्यमातलं हवं, शिवाय 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत हवी. म्हणजे शिकायचं इंग्रजीत आणि वर्षभर रुग्णांशी बोलायचं त्यांच्या भाषेत. मुलांना तिकडे पाठवणारे आईवडील माझ्याकडे येतात, फी विचारतात, थंडी विचारतात, जेवणाचं विचारतात. तिथले रुग्ण कुठली भाषा बोलतात, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. शरीररचनेइतकीच कडक परीक्षा भाषेची घ्यावी, आणि तीही खाटेपाशी, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन आपाकडे गेले. तिला बरं वाटत होतं. वॉर्डातल्या नर्सने, आम्ही त्यांना ‘एजे’, म्हणजे ताई म्हणायचो, किर्गिझ शब्द सांगितला: ‘ओऽरुयत’, दुखतंय. मी म्हटलं. आपाने मान हलवली, नाही. ‘ओ’ लांबव, असं हाताने दाखवलं. पुन्हा नाही. पाचव्यांदा जमलं, तेव्हा तिने माझा हात धरून मला खाटेवर बसवलं आणि काल कसं दुखत होतं ते पहिल्यापासून सांगायला लागली.