धुराला तारीख नसते: भरपाईच्या एका मागणीचा इतिहास

१/ ७ जून २०२१. पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील उरवडे येथे क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादने बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. राज्य शासनाने वारसांना प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधानांनी २ लाख रुपये जाहीर केले. या रकमांना आपण सहज ‘नुकसानभरपाई’ म्हणतो. माझ्या मते हा शब्द येथे चुकीचा आहे. का, ते समजण्यासाठी १८८४ पर्यंत मागे जाऊ. धागा.

२/ ‘दीनबंधु’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केले. पुढे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा भरवून एक निवेदन तयार केले. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला ठाऊक असते. आणखी एक मागणी मात्र विस्मृतीत गेली.

३/ ती अशी: काम करताना गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी. येथे कोणाच्या औदार्याला आवाहन नाही. श्रम ज्याच्यासाठी केले, त्याने इजेचा भार उचलावा, एवढेच म्हणणे आहे. अनुदान आणि भरपाई यांतील अंतर हेच. एक देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, दुसरी घेणाऱ्याचा हक्क असतो.

४/ हा हक्क कायद्यात उतरायला जवळजवळ चार दशके लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे त्याने कामगाराच्या खांद्यावरून बव्हंशी उतरवले. कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला, एवढे दाखवणे पुरेसे ठरले.

५/ पण ‘अपघात’ या शब्दातच मेख होती. अपघाताला दिवस असतो, वेळ असते, साक्षीदार असतो. श्वासाबरोबर रोज थोडे थोडे शरीरात जाणाऱ्या विषाला यांतले काहीच नसते. ब्रिटनचा १८९७ चा कायदाही अपघातापुरताच होता. तेथे व्यवसायजन्य रोगांची यादी १९०६ मध्ये आली. भारताच्या कायद्यात तिसऱ्या अनुसूचीने हे काम केले. शिसे आणि फॉस्फरस यांची विषबाधा तीत होती.

६/ पुढे यादी वाढली. पारा, बेंझीन अशा द्रव्यांचे विकार तीत आले. त्यांतील अनेक रोगांसाठी किमान सहा महिने सलग नोकरीची अट आहे. यादीबाहेरच्या विकारासाठी कामाशी असलेला थेट संबंध कामगारानेच सिद्ध करायचा. पाच वर्षांत चार कारखाने बदललेल्या कंत्राटी कामगाराने तो कसा करावा? खोकला चौथ्या ठिकाणी सुरू झाला; बाष्प कोणत्या ठिकाणचे होते?

७/ याचे उत्तर कायद्यातच सापडते. भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात कलम ४१-सी आले. घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची अद्ययावत नोंद मालकाने ठेवावी आणि ती कामगाराला पाहता यावी, असे ते सांगत असे. धुराला तारीख नसते. ती या नोंदीतून मिळते.

८/ मालकांचा आक्षेप असा, की दमा तंबाखूनेही होतो आणि शहराच्या हवेनेही. मग दोष आमच्याच माथी का? आक्षेप अगदीच निराधार नाही. पण हवा मोजण्याची साधने आणि तपासणीचे कागद मालकाच्या हाती असतात. ते त्याने दाखवावेत. नोंदच ठेवली नसेल, तर संशयाचा फायदा कामगाराला मिळावा. माझे म्हणणे एवढेच आहे.

९/ हक्क ठरला की काय घडते, ते गटारातील विषारी वायूच्या प्रकरणांत दिसते. १९९३ नंतरच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये निश्चित केले. २०२३ मध्ये रक्कम ३० लाखांवर गेली आणि कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख ठरले. मात्र तो वायू काही मिनिटांत मारतो, म्हणून त्या मृत्यूला तारीख असते. वीस वर्षांत हळूहळू निकामी झालेल्या फुफ्फुसांची मोजदाद कोण करणार?

१०/ उरवड्यासारख्या प्रसंगी जाहीर होणारी मदत नाकारण्याचे कारण नाही. पण ती हक्काच्या जागी बसता कामा नये. आता १९२३ च्या कायद्याचा आशय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि रोगांची यादी तेथेही आहे. भोसरी, पिंपरी, कुरकुंभ येथे राबलेले कोणी तुमच्या घरी असतील, तर त्यांना विचारा: कोणत्या विभागात होता, कशाचा वास येत असे, तपासणी कधी झाली? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. १८८४ ची मागणी आज आपल्याला ठाऊक आहे, कारण ती कोणीतरी कागदावर उतरवली होती.

(धागा समाप्त)