काटकसरीचा भार कोणाच्या शिरावर?

अपंग मुलांच्या शिक्षणासंबंधी आपल्या देशात कायद्यांची उणीव उरलेली नाही. १९९५ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या अपंग मुलाला मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन ही मुले निःसंदिग्धपणे त्याच्या कक्षेत आली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेनुरूप सोयी पुरवाव्यात, असे बंधन घातले. सरकारी कागदोपत्री ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्दही रूढ झाला. शब्द बदलण्यास तिजोरीला तोशीस पडत नाही. शिक्षक नेमण्यास पडते. आणि गाडा नेमका तेथेच अडला आहे.

२०११ च्या जनगणनेत पाच ते एकोणीस वयोगटातील अपंग मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नसल्याचे आढळले. त्यानंतर पटावरील नावे वाढली असतील. परंतु पटावर नाव म्हणजे शिक्षण नव्हे. ब्रेल न जाणणाऱ्या शिक्षकासमोर बसलेले दृष्टिहीन मूल, किंवा जेथे कोणालाच खुणांची भाषा येत नाही अशा वर्गातील कर्णबधिर मूल, हजेरीपटावर उपस्थित असते आणि शिक्षणात गैरहजर असते. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्याच्या जोडीला विशेष शिक्षक हवा.

रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हेच सांगितले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दहा व उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा अपंग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरविले. तरीही मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, मंजूर पदे तरी जाहीर करा! महाराष्ट्र शासनाने वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांचा प्रश्न हाती घेऊन २०२४ साली ४,८६० पदे निर्माण केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण ही पदे केंद्रागणिक एक अशी आहेत आणि एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. आज या गावी, उद्या त्या गावी फिरणारा शिक्षक मुलाची नोंद करू शकेल. त्याला रोज शिकवू शकणार नाही.

पैशाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत अशा विद्यार्थ्यासाठी वर्षाला कमाल ३,५०० रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. साधने, प्रवास, मदतनीस या गरजांसाठीची ही रक्कम वर्षाच्या दिवसांवर विभागली तर दिवसाला दहा रुपयेही होत नाहीत. मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन, तेही दहा महिने.

उरलेला खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त सरकारी वहीतून पुसला जातो. मुलाला कडेवर घेऊन शाळेत पोचविणारी, मधल्या सुट्टीत त्याला मुतारीपर्यंत नेण्यासाठी दाराशी थांबणारी आई त्या दिवसाच्या मजुरीला मुकते. शासनाने न नेमलेल्या मदतनिसाचा पगार असा शेतमजूर स्त्रीच्या रोजगारातून वळता होतो. सधन पालक खाजगी उपचारक व शिकवणी विकत घेऊ शकतो. म्हणून हा प्रश्न करुणेचा नसून वाटपाचा, म्हणजेच वर्गीय आहे. रयतेच्या घामातून जमणारा महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्ची पडतो, असे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे परखडपणे मांडले होते. तो आक्षेप अद्याप निकालात निघालेला नाही.

‘पैसा आणायचा कोठून?’ हा प्रश्न नेहमी दुर्बलांच्या संदर्भातच विचारला जातो, हे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा जो प्रस्ताव महाराष्ट्रात २०२३ साली पुढे आला, त्याचा पहिला बळी कोण ठरेल? शाळा दोन मैल लांब गेली की धडधाकट मूल कदाचित चालत जाईल. कुबड्या घेतलेले मूल घरी बसेल.

कार्यकर्त्यांनी निषेधाच्या ठरावावर थांबू नये. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि त्यात दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान आहे. अपंग मुलांच्या माता त्या समितीवर जातील हे पाहावे. गावात अशी मुले किती, प्रमाणपत्रे किती जणांना मिळाली, विशेष शिक्षक महिन्यातून किती दिवस येतो, उतरता रस्ता व वापरता येण्याजोगी मुतारी आहे काय, याची नोंद घेऊन ती ग्रामसभेत व पंचायत समितीत मांडावी. मागण्या दोनच असाव्यात : ठरलेल्या प्रमाणात कायम विशेष शिक्षक, आणि शाळेत पगारी मदतनीस. जी समाजव्यवस्था आपल्या सर्वांत दुर्बल मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या आईच्या मजुरीतून वसूल करते, तिच्या तोंडी समतेची भाषा शोभत नाही.