हक्काची रजा आणि आपला संकोच



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मित्राकडे गेलो होतो. बायका वर तिळगूळ देत-घेत होत्या आणि आम्ही पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्ये जमलो होतो. विषय निघाला जानेवारीच्या पे-स्टबचा. मिनेसोटात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या पगारातून या वर्षीपासून एक नवी कपात होऊ लागली आहे, पेड लीव्हची. एक जण म्हणाला, "आणखी एक टॅक्स! आपल्याला काय उपयोग याचा? आपण थोडेच रजा घेणार आहोत?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी परत येताना गाडी चालवताना ते वाक्य डोक्यातून जाईना. आपण थोडेच रजा घेणार आहोत! का बरे नाही घेणार?

माझीच गोष्ट सांगतो. 2022 साली आमची मुलगी झाली. पत्नीचे सिझेरियन झाले होते. तिची आई बाळंतपणासाठी यायची होती, पण त्या वर्षी मुंबईत व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळेना. पत्नीची कंपनी लहान, पन्नासपेक्षा कमी माणसांची. त्यामुळे फेडरल कायद्याची रजाही तिला लागू नव्हती. साठवलेली चार आठवड्यांची सुट्टी, एवढेच तिच्या हाती होते. आणि मी? मी पाच दिवसांची सुट्टी घेतली आणि सहाव्या दिवशी लॅपटॉप उघडून बसलो. प्रोजेक्टचे रिलीज जवळ आले होते. ते रिलीज माझ्यावाचून अडले असते असे तेव्हा मला मनापासून वाटत होते. आज त्या रिलीजमध्ये काय होते तेही आठवत नाही. मी मीटिंगमध्ये असताना पत्नी एका हाताने टाके सांभाळत जिना उतरून खाली आली होती, हे मात्र आठवते.

आता थोडी माहिती, कारण या योजनेबद्दल आपल्या लोकांत बरेच गैरसमज आहेत.

या देशात 1993 साली फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अॅक्ट आला. त्याने बारा आठवड्यांची रजा दिली, पण बिनपगारी. तीही कंपनीत 50 किंवा अधिक माणसे असतील आणि तुम्ही तिथे वर्षभर, किमान 1,250 तास काम केले असेल तर. शिवाय त्या कायद्यात आई-वडील बसतात, पण सासू-सासरे बसत नाहीत! पगारी रजेची सोय प्रत्येक राज्याने आपापली करायची. कॅलिफोर्नियाने ती 2004 मध्ये सुरू केली, न्यू जर्सीने 2009 मध्ये. आपल्या मिनेसोटाने 2023 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2026 पासून तो प्रत्यक्ष अमलात आला.

त्याचा हिशेब असा. पगाराच्या 0.88 टक्के हप्ता. त्यातला निदान अर्धा मालकाने भरायचा. म्हणजे आपल्या खिशातून जास्तीत जास्त 0.44 टक्के, हजार डॉलरला चार डॉलर चाळीस सेंट. लहान व्यवसायांना हप्ता कमी आहे. त्या बदल्यात स्वतःच्या गंभीर आजारासाठी किंवा बाळंतपणासाठी वर्षात 12 आठवडे, आणि नव्या बाळासाठी किंवा घरच्यांच्या आजारपणासाठी 12 आठवडे. दोन्ही मिळून 20 आठवड्यांची मर्यादा. "घरचे" या शब्दाची व्याख्याही मोठी आहे. आई-वडील, सासू-सासरे, आजी-आजोबा, भावंडे, सून-जावई, इतकेच काय, रक्ताचे नाते नसले तरी ज्याची काळजी घेण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असा माणूसही त्यात बसतो. आपल्या एकत्र कुटुंबाची व्याख्या इथल्या कायद्याच्या पुस्तकात पाहून मला तरी बरे वाटले.

पैसे किती मिळतात? राज्याचा सरासरी साप्ताहिक पगार 1,423 डॉलर धरला आहे. त्याच्या निम्म्यापर्यंतच्या पगारावर 90 टक्के, त्यापुढे सरासरीपर्यंत 66 टक्के, आणि त्यावरच्या पगारावर 55 टक्के. पण आठवड्याला 1,423 च्या वर नाही. म्हणजे वर्षाला 78,000 मिळवणाऱ्याचा आठवड्याचा पगार 1,500 डॉलर, त्याला सुमारे 1,152 मिळतील. 1,30,000 मिळवणाऱ्याचा आठवड्याचा पगार 2,500, त्याला 1,423 वर थांबावे लागेल. बारा आठवड्यांत त्याला सुमारे तेरा हजारांची तूट येईल. ही रक्कम आधीपासून बाजूला ठेवावी, किंवा कंपनी तयार असेल तर साठलेली सुट्टी वापरून ती तूट भरून काढावी. बाळासाठी किंवा घरच्यांसाठी घेतलेल्या रजेच्या पैशांवर फेडरल आयकर लागतो, तेही लक्षात ठेवावे.

आता "आणखी एक टॅक्स" म्हणणाऱ्या माझ्या मित्रासाठी गणित. 1,30,000 च्या पगारावर आपला वर्षाचा हप्ता 572 डॉलर. बारा आठवड्यांच्या रजेत मिळणार 17,076. म्हणजे आपल्या हप्त्यातून तेवढी रक्कम उभी करायला जवळजवळ तीस वर्षे लागतील. गाडीचा विमा आपण न कुरकुरता भरतो आणि अपघात झाला की क्लेमही करतो. मग याच विम्याचा क्लेम करताना लाज कसली?

खरी अडचण पैशांची नाहीच. अडचण आहे संकोचाची. मॅनेजर काय म्हणेल, प्रमोशन हुकेल का, लेऑफच्या यादीत नाव जाईल का? ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कायदा सांगतो की नोकरीला 90 दिवस झाले असतील तर परत आल्यावर तीच किंवा तोलामोलाची जागा द्यावी लागते, रजेत आरोग्य विमा चालू ठेवावा लागतो आणि रजा घेतली म्हणून आकस धरता येत नाही. तरी मनातली भीती कायद्याने जात नाही. एच-वन व्हिसावर असलेल्यांना ती दुप्पट. पण त्यांनीही जाणून घ्यावे की बाळंतपण वा आजारपणासाठी स्वतः मागितलेल्या रजेत मालकाने पगार दिला नाही म्हणून व्हिसाचा नियम मोडत नाही; नोकरीचे नाते कायम असले म्हणजे झाले. शंका असेल तर रजेआधी वकिलाशी बोलून घ्यावे. पण केवळ भीतीपोटी हक्क सोडू नये.

आणि दुसरी गोष्ट जरा स्पष्टच लिहितो, राग मानू नये. आपल्या घरांत रजा हा बायकांचा विषय समजला जातो. बाळंतपण म्हटले की आपण आईला नाही तर सासूबाईंना तिकीट पाठवतो. साठी-पासष्टीच्या त्या बायका बर्फात येऊन सहा महिने डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, शेक-शेगडी सांभाळतात, आणि आपण ऑफिसला जातो. त्यांचा तो आनंदही असतो, हे मान्य. पण त्यांच्या गुडघेदुखीचा हिशेब कुणी ठेवला आहे का?

आमचे दुसरे बाळ येत्या ऑगस्टमध्ये अपेक्षित आहे. या वेळी पूर्ण बारा आठवडे रजा घ्यायची असे मी ठरवले आणि घरी सांगितले. पत्नी क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू घरी असलास तर आईला पाहुणी म्हणून बोलावता येईल. कामाला नको." मॅनेजरला सांगताना तोंडाला कोरड पडली होती. तो शांतपणे म्हणाला, "तारखा कळव." एवढ्याचसाठी मी दोन आठवडे झोप घालवली होती!

ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी दोन सूचना. रजेची आधी कल्पना असेल तर मालकाला 30 दिवस आधी सांगावे. आणि अर्ज आपण स्वतः राज्याच्या खात्याकडे करायचा असतो, एच.आर. तो आपोआप करत नाही. काही कंपन्यांनी राज्याच्या मान्यतेने खाजगी विमा घेतला आहे, तिथे अर्ज त्या विमा कंपनीकडे जातो. आजारपण असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. काँट्रॅक्टवर काम करणाऱ्यांनी आपण डब्ल्यू-टू वर आहोत की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, हे आधी पाहावे. स्वतंत्र व्यावसायिकांना ही योजना आपणहून घ्यावी लागते.

ज्यांची मुले मोठी झाली, त्यांनी आमच्यासाठी हप्ता का भरावा, असेही कुणी विचारील. त्यांना एवढेच सांगतो की आजारपण वय पाहून येत नाही, आणि बायपासनंतर घरी बसणाऱ्यालाही हीच रजा मिळते.

असो. पुढच्या संक्रांतीला आम्ही मंडळी पुन्हा बेसमेंटमध्ये जमू. तेव्हा माझ्या मांडीवर चार-पाच महिन्यांचे बाळ असेल, आणि त्याला झोपवायचे कसे हे मला नक्की माहीत असेल. त्या मित्राला मी तेव्हा पुन्हा विचारणार आहे.