विश्लेषण : गावातलं पोस्ट बंद होतं, ते पत्रं कमी झाली म्हणून?

‘आता पत्रं पाठवतं कोण?’ गावच्या पोस्टाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. पण पोस्ट बंद पडतं ते बऱ्याचदा काउंटरवरची बाकीची कामं काढून घेतल्यामुळे. ब्रिटनमध्ये हे स्पष्ट दिसलं.

ब्रिटनमध्ये काय घडलं?

तिथे खेड्यातलं पोस्ट म्हणजे बहुतेकदा दुकानातलाच एक काउंटर. पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं जाताना दूध-पाव घेऊन जायची. २००३ पासून सरकारने पेन्शन आणि भत्ते थेट बँक खात्यात वळवले. २००६ मध्ये टीव्ही लायसन्सचं कामही पोस्टाकडून गेलं. मग २००७ मध्ये सरकार म्हणालं, तोटा आठवड्याला ४० लाख पौंडांच्या घरात आहे, सुमारे १४ हजारांपैकी अडीच हजारांपर्यंत कार्यालयं बंद करू. २००९ पर्यंत ती मोहीम उरकलीसुद्धा. फीडरवरचा लोड आधी दुसरीकडे वळवायचा आणि मग वापर नाही म्हणून फीडरच काढायचा, असा हा हिशोब!

निकष होता, ग्रामीण भागातल्या ९५ टक्के लोकांना तीन मैलांच्या आत पोस्ट मिळावं. नकाशावर तीन मैल किरकोळ वाटतात. गाडी न चालवणाऱ्या आजींना बस नसेल त्या दिवशी ते तीन मैल पायी जावे लागतात. शिवाय काउंटरचं उत्पन्न गेलं की दुकानही डगमगतं. सुमारे ५०० ठिकाणी पर्याय म्हणून फिरती व्हॅन किंवा एखाद्या सभागृहात, पबमध्ये आठवड्यातले काही तास सेवा देण्याचं ठरलं.

आपल्याकडे काय?

देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरं आहेत, त्यातली जवळपास ९० टक्के ग्रामीण. ब्रिटनसारखी मोहीम इथे झालेली नाही. उलट २०१८ मध्ये पोस्ट पेमेंट्स बँक आली आणि पोस्टमनकडेच आधारवर पैसे काढता येऊ लागले. काउंटरला काम देण्याची ही दिशा योग्यच आहे. पण शाखा डाकघर उघडं असतं दिवसाचे चार-पाच तास, तेही ग्रामीण डाक सेवकाच्या भरवशावर. त्याची जागा रिकामी राहिली किंवा रेंज गेली, तर कुठलाही आदेश न निघता ते बंदच असतं. कागदावर मात्र चालू.

त्यामुळे तुमच्या गावचं पोस्ट दुसऱ्या गावात विलीन करायचं निघालं, तर पत्रं किती येतात एवढ्यावर थांबू नका. महिन्याला किती जण तिथून पैसे काढतात, पुढचं पोस्ट किती लांब आहे आणि तिथून परतीची एसटी किती वाजता आहे, हेही विचारा.