विमानाचे भय आणि दाराचा दांडा

नालासोपाऱ्याच्या एका विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर अशोक विजयादशमीला नागपूरला कसे जायचे, ही चर्चा निघाली. एका ताईंचा मुलगा म्हणाला, "आई, तू विमानाने चल. आयुष्यात एकदा तरी बस." ताई म्हणाल्या, "नको रे बाबा, वर काही झालं तर धरायला काय आहे? आपण सगळे मिळून गाडी करू. रात्री निघालो की सकाळी दीक्षाभूमी." बहुतेकांनी माना डोलावल्या.

आम्ही त्या मुलाकडे पाहत होतो. तो रोज सकाळी अंधेरीला कामाला जातो. आत शिरायला मिळत नाही, म्हणून दारात एका हाताने दांडा धरून उभा असतो. त्याचा डबा ताईच भरून देतात.

ताईंना हसण्याचे कारण नाही. 12 जून 2025 ला अहमदाबादला विमान कोसळले, तेव्हा आम्हीही दोन दिवस दूरदर्शनसमोरून हललो नव्हतो. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. पण त्याच्या तीनच दिवस आधी, 9 जूनला, मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसे खाली पडली. चौघे त्याच दिवशी गेले. विमानाच्या बातमीखाली ती बातमी कुठल्याकुठे गेली.

जरा हिशेब मांडू. आपल्या देशातील विमान कंपन्यांचे 2010 नंतरचे तीन मोठे अपघात घ्या. मंगळूर 2010, मृत 158. कोझिकोड 2020, मृत 21. अहमदाबाद 260. बेरीज 439. आता रस्ता पाहा. 2023 साली देशात रस्त्यावर 1 लाख 72 हजारांहून अधिक माणसे मेली, म्हणजे रोज चारशे सत्तरच्या वर. विमानांनी पंधरा वर्षांत नेली त्याहून जास्त माणसे रस्ता एका दिवसात नेतो. आणि मुंबईच्या लोकल मार्गांवर 2024 साली 2,468 मृत्यू झाले, रोजचे सहा-सात. बहुतेक रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून.

कोणी म्हणेल, विमानात बसतात किती आणि रस्त्याने जातात किती! बरोबर आहे. म्हणून जाणकार किलोमीटरवर हिशेब करतात, आणि तसा केला तरी जगभर मोठे प्रवासी विमान मोटारीपेक्षा कितीतरी सुरक्षित ठरते. 2001 च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर अमेरिकेत लोकांनी विमान सोडून मोटारी काढल्या. त्या भीतीपायी वर्षभरात रस्त्यावर सुमारे 1,500 माणसे जास्त मेली, असा अंदाज गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने काढला.

मग भीती उलटी का वाटते? एकदम अडीचशे गेले की छापून येते. एकेक करून गेले की फक्त घर रडते. दुसरे, गाडी आपल्या हातात आहे असे वाटते. रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरच्या हातात ती असली तरीही! 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून 25 जण गेले, तेही मध्यरात्रीनंतरच. आपल्याच जिल्ह्यात चारोटीला 2022 साली सायरस मिस्त्री गेले. गाडी भारी होती, पण मागच्या सीटवर पट्टा लावलेला नव्हता. भाड्याच्या गाडीत मागे पट्टा आहे की नाही, हे आपण कधी पाहतो? स्टेशनपर्यंत स्कूटरवर तिघे जातो, हेल्मेट आरशाला लटकलेले असते.

कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले, ते आपण देवाधर्मापुरतेच धरतो. भीतीही तपासून पाहायला हवी.

दारातल्या मुलाला मात्र आम्ही मूर्ख म्हणणार नाही. त्याला धोका कळतो. लेटमार्क लागला की पगार कापला जातो, हेही कळते. बंद दारांची एसी लोकल पश्चिम मार्गावर डिसेंबर 2017 पासून धावते, पण तिचा पास त्याला परवडत नाही. मुंब्र्यानंतर रेल्वेने सर्व नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. दारे लागली आणि गाड्या वाढल्या नाहीत, तर तो फलाटावरच राहील. म्हणून प्रवासी संघटनांनी दारे आणि फेऱ्या दोन्ही एकत्र मागायला हव्यात.

ताईंनी विमानाचे तिकीट काढले नाहीच. पण रात्रीची गाडी रद्द केली आणि रेल्वेची आरक्षणे काढली. सहापैकी दोन अजून वेटिंगवर आहेत. मुलाला त्यांनी सांगितले आहे, सकाळी वीस मिनिटे आधी निघ, उलटे विरारला जा आणि आत बसून ये. डबा त्या पहाटे साडेचारला भरतात.