जुन्या लॅपटॉपचा जीर्णोद्धार

संसारांतील पुष्कळशा वस्तू एकदम निकामी होत नाहींत. त्यांचा एखादा अवयव आधीं थकतो, आणि त्या एका अवयवाच्या दोषाचें खापर आपण सबंध वस्तूवर फोडतों. जात्याचा खुंटा सैल झाला म्हणून कोणी जातें फेकून देत नसे. कंदिलाची कांच तडकली म्हणून कोणी कंदील मोडींत घालीत नसे. लॅपटॉपच्या बाबतींत मात्र आपला हा जुना व्यवहारीपणा कोठें जातो कोण जाणे! यंत्र सुरू होण्यास दहा मिनिटें लागूं लागलीं, कीं घरांतील तरुण मंडळी ‘हा आतां गेला, नवा घ्या’ असा निकाल देऊन मोकळी होतात. आणि वडील माणसें निमूटपणें पैशांच्या तजविजीस लागतात. हा निकाल पुष्कळदां घाईचा असतो, हें या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी होऊन शाळा बंद पडल्या, तेव्हां आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील अनेक कुटुंबांनीं मुलांच्या शिक्षणासाठीं लॅपटॉप घेतले. कित्येकांनीं ते नागपुरास सीताबर्डीवरून वापरलेलेच आणले. त्या यंत्रांचीं आज उतरतीचीं वर्षें आहेत. एकत्र कुटुंबांत एकाच यंत्रावर नातवाचा अभ्यास, सूनबाईंचे बँकेचे व्यवहार, काकांचा शेतीचा हिशेब व आजींचीं कीर्तनें, असें सारें चालतें. म्हणून तें मंदावलें कीं सगळें घर अडतें. अशा वेळीं प्रथम रोगाचें निदान करावें व मग औषधाचा विचार करावा.

निदानाची रीत न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाचीच आहे. ज्याच्या असण्यानें कार्य घडतें व नसण्यानें घडत नाहीं, तें त्याचें कारण. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप हीं तीन बटनें एकदम दाबलीं असतां विंडोजमध्यें ‘टास्क मॅनेजर’ नांवाची खिडकी उघडते. तींत प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकीं कोण किती कामांत गुंतला आहे, याचे टक्के दिसतात. यंत्र अडून बसलें असतां प्रोसेसर दहा-वीस टक्क्यांवर स्वस्थ आहे, आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर सारखी धडपडते आहे, असें दिसलें तर यंत्राची बुद्धि शाबूत असून त्याची स्मरणशक्ति मंद झाली आहे, असें समजावें. आणि ती डिस्क फिरत्या तबकडीची असेल, तर दुरुस्तीस पुष्कळ वाव आहे.

ही फिरती तबकडी म्हणजे हार्ड डिस्क. हिचा पहिला अवतार आय.बी.एम. कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणला. त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्यांत मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज लॅपटॉपमधील तबकडी तळहाताहून लहान आहे, तरी तत्त्व तेंच आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवर जशी सुई, तसें येथें एक सूक्ष्म शीर्ष असतें. फरक इतकाच, कीं तें तबकडीस न टेंकतां केसाच्या जाडीहून हजारों पटींनीं कमी अंतरावर तरंगतें. जी माहिती हवी ती जेथें असेल तेथें हें शीर्ष सरकावें लागतें, आणि तबकडीचा तो भाग फिरत त्याखालीं येईपर्यंत थांबावें लागतें.

सामान्य लॅपटॉपची तबकडी मिनिटास ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचा सुमारें नव्वदावा भाग लागतो. हा वेळ क्षुल्लक वाटेल. परंतु शीर्षाचें सरकणें व तबकडीची वाट पाहणें यांची बेरीज केली, तर अशा खेपा सेकंदास साठ-सत्तरांपेक्षां फारशा होत नाहींत. यंत्र सुरू होतांना तर ठिकठिकाणीं विखुरलेले हजारों लहान तुकडे गोळा करावे लागतात. ग्रंथालयांतील एकाच वृद्ध शिपायास प्रत्येक पुस्तकासाठीं निराळ्या दालनांत पाठवावें, तसा हा प्रकार आहे.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एस.एस.डी., हिच्यांत फिरणारें कांहींच नाहीं. हिच्या मुळाशीं असलेली फ्लॅश स्मृति तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्यानें शोधिली. आज ड्राइव्हमध्यें वापरला जाणारा तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ सालीं जगापुढें आला. तींत सूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येक कोठडींत विद्युत्कण कोंडून ठेवतात, आणि भोंवतीं विद्युत्‌रोधक भिंत असल्यामुळें वीज गेली तरी ते आंत राहतात. किती कण कोंडले आहेत यावरून अक्षर ओळखलें जातें. कोणत्याही कोठडीपर्यंत पोंचण्यास सेकंदाचा दहा-हजारावा भाग, किंवा त्याच्या आसपास वेळ पुरतो. म्हणून जें यंत्र दहा मिनिटें घेई, तें ड्राइव्ह बदलतांच पाऊण मिनिटांत सज्ज झालें, तर त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. २०११ पूर्वींच्या कित्येक यंत्रांची जोडणी निम्म्या वेगाची असते. तरी तेथेंही लाभ होतो, कारण मुख्य बचत शोधाशोधीच्या वेळाची आहे.

आमच्या प्रांतास या बदलाचा आणखीही उपयोग आहे. एटापल्ली-भामरागडकडील रस्त्यांवर लॅपटॉप चालू ठेवून प्रवास करणें म्हणजे तबकडीच्या जिवाशीं खेळ, एस.एस.डी.ला हादऱ्यांची तितकी भीति नाहीं. चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो, आणि त्यांत कोळशाची धूळ पंख्यांत जाऊन बसते. म्हणून ड्राइव्ह बदलण्यासाठीं यंत्र उघडलेंच आहे, तर पंखाही स्वच्छ करून घ्यावा.

विजेची कथा निराळीच. चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचें. पण त्याच विजेची पावसाळ्यांत दक्षिण गडचिरोलींतील गांवें वाट पाहत बसतात. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते व यंत्र नुसत्या वायरीवर चालतें. वीज गेली कीं तें तत्क्षणीं बंद पडतें. लिहितां लिहितां असा घाला पडला, तर स्वस्तांतल्या एस.एस.डी.मधील माहिती बिघडण्याचा संभव असतो. यासाठीं ड्राइव्हबरोबर बॅटरीही बदलावी.

आतां खरेदीविषयीं. ‘अडीच इंची’ म्हणून ओळखली जाणारी, ‘साटा’ जोडणीची ड्राइव्ह बहुतेक जुन्या यंत्रांत बसते. कांहीं यंत्रांत मात्र चिंचोळ्या पट्टीसारखी ‘एम.२’ जातीची जागा असते. तिच्यांतही साटा व एनव्हीएमई असे दोन भेद असून एक दुसऱ्याच्या जागीं चालेलच असें नाहीं. म्हणून यंत्राचें पूर्ण नांव व मॉडेल कागदावर लिहून दुकानीं जावें. साधारण घरास २५६ गीगाबाईट पुरते. फोटो पुष्कळ असतील तर ५१२ घ्यावी. बिल व हमीपत्र मागून घ्यावें. अगदीं क्षुल्लक किंमतींत दोन-चार टेराबाईट देऊं करणारा माल हा बहुधा फसवणुकीचा असतो; वरून मोठा आंकडा दिसतो आणि आंत त्याच्या शतांशही जागा नसते.

‘लिहून लिहून ही झिजते म्हणतात, तें खरें काय?’ अशी शंका येईल. तें खरें आहे. पण हिशेब करून पाहा. एखाद्या ड्राइव्हची लेखनमर्यादा १०० टेराबाईट आहे, आणि घरांत रोज २० गीगाबाईट लिहिलें जातें, असें धरलें, तरी ती ५००० दिवस, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक पुरते. तोंवर यंत्राचे इतर भागच थकतील.

प्रत्यक्ष कृति तासा-दोन तासांची आहे. प्रथम सर्व महत्त्वाची माहिती बाहेरील डिस्कवर उतरून घ्यावी. विंडोजनें ‘बिटलॉकर’ची कुलुपें घातलीं असतील, तर त्यांची किल्ली म्हणजे तो लांबलचक आंकडा आधींच टिपून ठेवावा. मग जुन्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा नव्या ड्राइव्हवर उतरवावी. त्यास ‘क्लोन’ करणें म्हणतात व यू.एस.बी.ची एक साधी केबल त्यास पुरते. किंवा नव्यानें प्रणाली बसवावी; मला हा दुसरा मार्ग पसंत आहे, कारण वर्षानुवर्षांची अडगळ त्यानें आपोआप मागें राहते. नंतर यंत्र पूर्ण बंद करून, वायर व बॅटरी अलग करून, मागील स्क्रू काढून डिस्क बदलावी. डिस्कमधून कट्‌कट् आवाज येत असेल, तर मात्र क्लोनच्या भरीस न पडतां, जी माहिती अमूल्य ती आधीं बाहेर काढावी. कारण अशी तबकडी पुन्हां फिरेल याची शाश्वति नसते.

औषधाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मेमरी चारच गीगाबाईट असेल, तर ती आठ केल्यावांचून पुरतें समाधान होत नाहीं. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आणि विंडोज ११ ला ‘टी.पी.एम. २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था व बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो, जो २०१७ पूर्वींच्या यंत्रांत बहुतकरून नसतो. वेग आला म्हणजे सुरक्षितता आली असें नव्हे. अशा यंत्रावर उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स प्रणाली विनामूल्य घालतां येते. तींत मराठी टंकलेखन, पत्रव्यवहार, हिशेब व मुलांचा अभ्यास उत्तम चालतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेखनप्रपंच केला ती सांगतों. देसाईगंजकडील एका परिचित कुटुंबांत आजोबांनीं सात-आठ वर्षें खपून घराण्याचा कुलवृत्तान्त लॅपटॉपवर लिहिला होता. कोणती शाखा कोंकणांतून कधीं आली, कोणाच्या जमिनी कोठें होत्या, कोणत्या मुली कोठें दिल्या, असें सारें त्यांत होतें. आजोबा वारल्यावर यंत्र मंद झालें म्हणून मुलांनीं तें एका दुरुस्तीवाल्याकडे दिलें. त्यानें नवी ड्राइव्ह घातली, नवी प्रणाली घातली, आणि जुनी डिस्क पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकास दिली. यंत्र विजेसारखें चालूं लागलें. कुलवृत्तान्त मात्र कायमचा गेला; कारण त्याची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. दुरुस्तीवाल्यास दोष देणें सोपें आहे. पण आंत काय आहे हें त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें.

एस.एस.डी. आल्यानें ही भीति कमी होत नाहीं, उलट एका अर्थीं वाढते. तबकडी मरण्यापूर्वीं बहुधा कण्हते, एस.एस.डी. एखादे दिवशीं कांहीं न बोलतां डोळे मिटते, आणि मग तिच्यांतून माहिती काढणें फार कठीण व खर्चाचें होतें. शिवाय ती कपाटांत ठेवण्याची तिजोरी नव्हे. जेडेक संस्थेच्या मानकाप्रमाणें, लेखनमर्यादा संपलेल्या घरगुती ड्राइव्हनें वीज नसतां ३० अंश उष्णतेंत एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे; उष्णता वाढली कीं ही मुदत घटते. आमच्याकडील उन्हाळ्यांत बंद कपाटांतली हवा किती तापते, तें वाचकांस ठाऊकच आहे.

आपले पूर्वज या बाबतींत आपल्याहून सावध होते. ताडपत्र व कागद नश्वर आहेत हें जाणून ते पोथी जीर्ण होण्यापूर्वींच तिची नक्कल करवून घेत. वेदपाठकांनीं तर एकाच मंत्राचे पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजून ठेवले. एका पाठांत चूक शिरली तर दुसऱ्यांत ती उघडी पडावी. माहितीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या व त्यांतील एक घराबाहेर असावी, असा नियम संगणकशास्त्रज्ञ आज सांगतात, त्याच्या मुळाशीं हीच दृष्टि आहे. एक प्रत लॅपटॉपमध्यें, दुसरी बाहेरील डिस्कवर, व तिसरी पुण्या-नागपुरास असलेल्या भावाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यांत, एवढें प्रत्येक घरास करतां येण्यासारखें आहे. सातबारा, खरेदीखतें, वनहक्काच्या दाव्याचे कागद, तेंदूपानांचे हिशेब, यांतील कोणता कागद केव्हां लागेल याचा नेम नाहीं. ज्यांनीं श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत मराठी मजकूर लिहून ठेविला आहे, त्यांनीं तो टंकही बरोबर जपावा, किंवा मजकूर युनिकोडमध्यें बदलून घ्यावा. नाहींतर फाइल उघडेल व अक्षरें मात्र वाचतां येणार नाहींत.

काढलेली जुनी डिस्क धडधाकट असेल, तर ती दुकानांत सोडूं नये. अल्प किंमतीच्या डबींत बसवून तिची बाहेरील डिस्क करतां येते. तींत दुसरी प्रत ठेवावी व दर सहा महिन्यांनीं ती लावून पाहावी. निकामी झाली असेल, तर तींतील माहिती नष्ट करून ती ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्यावी. उकिरड्यावर टाकूं नये.

नवें यंत्र घेण्यास आमचा विरोध नाहीं. पण जें सुधारतां येतें तें आधीं सुधारावें, आणि सुधारण्यापूर्वीं त्याच्या पोटांत कोणाचा ठेवा आहे हें घरांतील सर्वांस विचारावें. दिवाळीपूर्वीं कपाटें आवरतांच ना? त्याच दिवशीं एक तास या कामास द्यावा. आजोबांनीं काय लिहून ठेविलें आहे हें पाहण्यास तेंच निमित्त होईल.